बांड्याचा डावा कान

खानझोडे सरांनी मोशन ग्राफिक्स शिकायला घेतलं तेव्हा ते नक्की काय असतं हे केनवडमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, आणि या ‘कोणालाच’मध्ये खुद्द सरही होते. त्यांना एवढंच कळलं होतं की यात अक्षरं जागेवर बसत नाहीत, पळतात. चित्रकलेचे शिक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी मुलांना अक्षरं दोन रेघांच्या मधे बसवायला शिकवण्यात गेली होती. आता तीच अक्षरं उठवून पळवायची म्हटल्यावर त्यांना उतारवयात पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. उतारवय म्हणजे तसं पन्नाशीच्या अलीकडचंच. पण स्वतःचं काहीही सांगताना थोडं वाढवून सांगायची सरांना सवय होती.

इंटरनेटवरच्या ज्या बुवाकडून ते शिकत होते त्याचं म्हणणं सोपं होतं. नवं काही सुचवायच्या भानगडीत पडू नका. गाजलेल्या सिनेमांची आणि गेमची टायटलं समोर घ्या आणि ती जशीच्या तशी पुन्हा करा. सरांना हे तत्काळ पटलं. वर्गात एखाद्याने शेजारच्याच्या वहीतला मोर उतरवला की सर त्याचा कान पिळत, ती गोष्ट वेगळी. तो मोर होता, ही कला होती.

पहिला सराव एका रहस्यपटाच्या टायटलवर झाला. काळा पडदा, लोळत येणारा धूर, लांब कुठेतरी घंटा, आणि धुरातून हळूहळू उमटणारं नाव. नाव कोणाचं घ्यायचं? सरांनी प्रेमाने पत्नीचं घेतलं. रुख्मिणीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर घंटा वाजत होती आणि धुरातून ‘रुख्मिणी विकास खानझोडे’ असं पांढरं नाव वर येत होतं. त्यांनी कपबशी टेबलावर ठेवली.

“अवो, मी जित्ती हावो अजून.”

“हे टायटल आहे, रुख्मिणी. श्रद्धांजली नव्हे.”

“मंग खाली तारीख तेवढी काहून सोडली? थे बी टाका.”

सर दुखावले की प्रमाण भाषेत बोलत. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत प्रमाण भाषेत बोलले.

खरा त्रास अक्षरांचाच होता. इंग्रजी अक्षरं शहाण्या मुलांसारखी एकामागे एक येत. मराठी अक्षरं सुटी सुटी आणायला गेलं की घोळ होई. आधी नुसती वेलांटी येऊन उभी राही, मागून म धावत येई, आणि अर्धा ख पाय मोडून कडेला पडलेला असे. ते सॉफ्टवेअर परदेशात जन्मलेलं होतं, त्याला जोडाक्षर हा प्रकार अपघात वाटत असावा. शिवाय प्रत्येक टायटलच्या शेवटी नाव जागेवर आदळताना एक दणदणीत ‘ढांग!’ लागे. सर ती पुन्हा पुन्हा लावून पाहत. शेजारच्या सुलतानबी शिलाईकाम करत. पहिल्या ढांगेला त्यांच्या मशीनची सुई मोडली. त्या तशाच हातात कापड घेऊन दारात आल्या.

“मास्तर, क्या फुट्या? सिलेंडर तो नई ना?”

सरांनी त्यांना मोठ्या उत्साहाने धूर, नाव आणि ढांग दाखवली. सुलतानबींनी शांतपणे पाहिलं आणि सल्ला दिला. “नाम आता कब, जाता कब, कुच समजताच नई. जिसका नाम है उसको तो पढने देव.” सरांच्या मते हा अभिप्राय शिवणकामाच्या अंगाने दिलेला होता. त्यांनी तो मनावर घेतला नाही.

तो घ्यायला हवा होता, हे शाळेच्या स्नेहसंमेलनात कळलं. सर तेव्हा एका अवकाशपटाचं टायटल उतरवत होते. त्यात शब्द आपल्यापासून दूर दूर जात ताऱ्यांमध्ये विरून जातात. त्यासाठी त्यांनी शाळेची संगणक खोली मागितली होती. मुख्याध्यापकांनी अर्ज मागितला, अर्जावर ‘मोशन ग्राफिक्स कोणत्या विषयात बसते?’ असा शेरा मारला, सरांनी ‘कार्यानुभव’ असं उत्तर दिलं, आणि मंजुरी मिळाली तेव्हा खोलीची किल्ली ज्या शिपायाकडे होती तो मतदार याद्यांच्या कामाला लागला होता. शेवटी सरांनी ते घरच्या लॅपटॉपवर केलं. तयार टायटल रेंडर करावं लागतं, म्हणजे आपण एकदा केलेलं काम कॉम्प्युटर स्वतःच्या सवडीने पुन्हा करतो. नेमके दिवे गेले. इन्व्हर्टरवर ताण नको म्हणून सरांनी फ्रिजचा प्लग काढला आणि तो पुन्हा लावायचं विसरले. दूध नासलं, आणि टायटल तयार झालं. संमेलनात प्रमुख पाहुण्यांचं नाव पडद्यावर आलं आणि त्यांचा चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत अवकाशात नाहीसं झालं. पाहुणे शिक्षण खात्यातले होते आणि त्यांच्या बदलीची कुजबुज चालू होती. त्यांनी तो प्रकार सूचक मानला आणि जेवायला थांबले नाहीत.

एवढं होऊनही सर थांबले नाहीत याला कारण होतं. त्यांच्या आयुष्यात एक जुनं दुखणं होतं आणि ते आसेगावला राहत होतं.

ते दुखणं म्हणजे त्यांचे सासरे, पुंजाजी. मुलगी पाहायला गेलेल्या सरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: “चित्रं काढाचा पगार भेटते? दर महिन्याले?” सर हो म्हणाले, तेव्हा पुंजाजींनी बराच वेळ आढ्याकडे पाहिलं होतं. मुलगी दिली, पण शंका ठेवून घेतली. तेव्हापासून जावयाच्या कलेचा त्यांना ठाऊक असलेला उपयोग एकच होता. पोळ्याला सर आसेगावला गेले की त्यांच्या हातात ब्रश आणि वार्निशचा डबा येई आणि सर गोठ्यात बसून बैलांची शिंगं रंगवत. “बराबर हाय” एवढेच शब्द या माणसाच्या तोंडून आपल्या कामाबद्दल एकदा तरी यावेत, असं सरांना फार वाटे. हे ते कोणाला सांगत नसत. रुख्मिणीबाईंना ते माहीत होतं.

अशात शहबाज घरी आला. शहबाजचं केनवडच्या बाजारात फोटो स्टुडिओचं दुकान होतं आणि त्याने नुकताच मोठा एलईडी पडदा घेतला होता. त्याला आसेगावच्या शंकरपटाचं काम मिळालं होतं. बैलांच्या शर्यती पडद्यावर दाखवायच्या आणि मोबाइलवर लाइव्ह सोडायच्या.

“सर, शेवटच्या दिवशी मानाची धाव रायते,” तो म्हणाला. “मागच्या सालची जिंकलेली जोडी अन् आसेगावची जोडी. तिच्यासाठी काही तरी जोरदार टायटल पाहिजे. तुमी करून राह्यले ना आजकाल?”

“आसेगावची जोडी कोणाची आहे या वर्षी?” सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“पुंजाजी पाटलाची. तुमचे सासरे ना थे?”

सर उठून उभे राहिले आणि मग उभं राहण्याचं काही कारण नाही हे लक्षात येऊन पुन्हा बसले.

मानाच्या धावेचं बक्षीस म्हणजे मानाची झूल. लाल मखमलीची, कवड्या आणि आरसे लावलेली. जिंकणाऱ्याचा बैल ती वर्षभर वापरतो आणि पोळ्याला ती पांघरून गावातून मिरवतो. झूल तेव्हा पोहरादेवीकडच्या हेमसिंगच्या घरी होती आणि त्याच्या आधीही ती बाहेरगावीच फिरत होती. पुंजाजींचं वय झालं होतं. पुढच्या वर्षी पटाचे बैल ठेवणं होईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. या पोळ्याला झूल आपल्या बांड्या बैलाच्या पाठीवर पाहिजे, एवढंच ते घरात येईल त्याला सांगत होते.

सरांनी ठरवलं, एका लढाईच्या गेमचं टायटल उतरवायचं. त्यात डावीकडून एक पहिलवान येतो, उजवीकडून दुसरा. दोघं एकमेकांकडे पाहून फुरफुरतात, मधे आगीचा लोळ उठतो आणि नावं ढांगकन आदळतात. पहिलवानांच्या जागी जोड्या. शहबाजने समितीच्या नोंदीसाठी दोन्ही जोड्यांचे मालकासकट फोटो काढलेलेच होते. पुंजाजींना फोटोसाठी लेकीने सुलतानबींकडून नवा सदरा शिवून पाठवला होता; तंबाखूची डबी मावेल एवढा मोठा खिसा हवा हा त्यांचा निरोप सुलतानबींनी तंतोतंत पाळला होता.

एकच अडचण निघाली. फोटोत हेमसिंगच्या जोडीचं तोंड उजवीकडे होतं आणि पुंजाजींच्या जोडीचंही उजवीकडेच. समोरासमोर ठेवल्या तर एक जोडी दुसरीच्या अंगावर चाललेली आणि दुसरी घाबरून पडद्याबाहेर निघालेली दिसे, आणि पळणारी जोडी सासऱ्यांची. हे शक्य नव्हतं. सरांनी एक बटण दाबलं. पुंजाजींचा फोटो आरशात पाहावा तसा आडवा उलटला, बैलांची तोंडं डावीकडे झाली आणि चित्राला समतोल आला. समतोल साधल्याबद्दल सरांनी स्वतःची पाठ मनातल्या मनात थोपटली आणि ते बटण विसरून गेले.

पुढचा अडथळा सरकारी होता. पटाच्या परवानगीच्या अर्जात समितीचे अध्यक्ष नानाजी यांनी उत्साहाच्या भरात ‘पडद्यावर अग्नीचे दृश्य’ असं लिहिलं होतं. कार्यालयाने विचारलं, अग्निशमनाची व्यवस्था काय? नानाजींनी कळवलं, आग चित्रातली आहे. कार्यालयाने विचारलं, चित्रातल्या आगीने बैल बुजणार नाहीत याची हमी कोण देणार? नानाजींनी खानझोडे सरांचं नाव दिलं. सरांना लिहून द्यावं लागलं की सदर आग काल्पनिक असून त्यांच्या लॅपटॉपबाहेर तिचं अस्तित्व नाही. त्यावरही भागेना. बैलाला ती आग प्रत्यक्ष दाखवून डॉक्टरांचा अभिप्राय आणा, असं ठरलं.

म्हणून एका रविवारी सर आसेगावच्या गोठ्यात लॅपटॉप घेऊन हजर झाले. उपड्या टोपल्यावर लॅपटॉप ठेवला. समोर बांड्या उभा, बाजूला जनावरांचे डॉक्टर, मागे पुंजाजी. सरांनी टायटल लावलं. आग भडकली, ढांग झाली. बांड्याने रवंथ करणं थांबवलं नाही. डॉक्टरांनी ‘बैल निर्भय’ असं लिहिलं आणि चहा घेऊन ते निघून गेले.

पुंजाजी मात्र हलले नाहीत. “अजून एक डाव लावा,” ते म्हणाले. सरांनी लावलं. “अजून.” पुंजाजी वाकून, डोळे बारीक करून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सरांनी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. कितीतरी वेळा पाहून झाल्यावर ते सरळ झाले आणि म्हणाले, “बराबर हाय, मास्तर.”

केनवडला परत येईपर्यंत सर गाडीवर एकटेच हसत होते. चित्रातला बांड्या आणि खरा बांड्या हातभर अंतरावर होते, तिथे तीन माणसं पाहत होती, आणि तिघांपैकी एकाच्याही काही लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी आसेगावच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळीच नानाजींनी सरांना मंचावर बोलावून शाल-नारळ दिला आणि माइकवरून ‘मोशन मास्तर’ अशी पदवीही दिली. ऊन चटकत होतं, तरी सरांनी शाल काढली नाही. दुपारी मानाच्या धावेची वेळ झाली. पडद्यावर आग उठली. डावीकडून हेमसिंगची जोडी, उजवीकडून पुंजाजींची. नावं आदळली आणि माळावर शिट्ट्यांचा एकच कल्ला झाला. रुख्मिणीबाईंनीही टाळ्या वाजवल्या. सरांनी तिरक्या नजरेने ते पाहून घेतलं.

झेंडा पडला आणि जोड्या सुटल्या. धूळ एवढी उठली की काही क्षण नुसता आवाज ऐकू येत होता. मग धुळीतून बांड्याचं तोंड बाहेर आलं, अर्ध्या मानेने पुढे. पुंजाजी जिंकले होते. लोकांनी त्यांना उचललं. नानाजींनी झूल हातात घेतली.

“थांबा, नानाजी,” हेमसिंग मंचावर चढत म्हणाला. “झूल देऊ नका. हे पाहा पहिले.”

त्याने टायटलचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. बोटांनी मोठं करून त्याने ते नानाजींच्या चष्म्यासमोर धरलं. “आता जो पळला त्या बैलाचा कोनता कान काळा हाय?”

“डावा.”

“अन् ह्या फोटोतल्याचा?”

नानाजींनी चष्मा पुसला. “उजवा.”

“पळला जोडीत कोनत्या अंगाले?”

“डाव्या. बांड्या डाव्या अंगाचाच बैल हाय ना.”

“अन् फोटोत उभा कोनत्या अंगाले हाय? उजव्या. नानाजी, जिंदगीभर डाव्याले चालनारा बैल उजव्याले कोन उभा करते? नोंदला एक, पळला दुसरा. मले भांडन नाई करायचं. नेम काय हाय थे सांगा.”

नेम असा होता की नोंदीला जी जोडी तीच जुवाला. नानाजी बांड्याला वासरू असल्यापासून ओळखत होते, पण परवानगीच्या अटी त्यांनीच सही करून आणल्या होत्या. डॉक्टर असते तर बैलाच्या कानातला बिल्ला तपासला असता. ते आपले कागद घेऊन एका म्हशीच्या बाळंतपणाला गेले होते. नानाजींनी झूल पुन्हा टेबलावर ठेवली. गर्दीतून ‘बैल बदलला, बैल बदलला’ असा आवाज फिरू लागला. पुंजाजी मंचाखाली बांड्याचा कासरा धरून उभे होते. ते नुसते झुलीकडे पाहत राहिले.

सरांना सगळं एका क्षणात कळलं. ते बटण त्यांना आठवलं, समतोल आठवला, मनातल्या मनात थोपटलेली पाठ आठवली. खांद्यावरची शाल एकदम जड झाली. आपण गप्प बसलो तर कोणी आपल्याकडे बोट दाखवणार नाही, हेही त्याच क्षणात कळलं. दोष कॉम्प्युटरचा म्हणता येईल. काही न म्हणताही चालेल.

“तुमीच काहीतरी केलं,” शेजारून रुख्मिणीबाई हळूच म्हणाल्या. “दूध नासलं तवा बी असंच तोंड होतं तुमचं.”

सर मंचावर गेले. माइक हातात घेऊन त्यांनी घसा साफ केला. “बंधू-भगिनींनो, सदर छायाचित्राचे क्षैतिज प्रतिबिंब घेण्यात आले असल्याकारणाने...”

“मराठीत सांगा!” खालून कोणीतरी ओरडलं.

सर थांबले. शाल काढून त्यांनी खुर्चीवर टाकली. “म्या चुकलो,” ते म्हणाले. “फोटो म्या पलटवला. दोन्ही जोड्या समोरासमोर दिसाव्या म्हून. बैल थोच हाय. म्हाताऱ्याचा काही गुन्हा नाई, माहा हाय.”

हेमसिंग विचार करून म्हणाला, “सर, फोटो उलटा असता तं त्याच्यावरचं नावबी उलटं दिसलं असतं. नाव तं सरळ हाय.”

“नाव वेगळ्या थरावर आहे,” सर म्हणाले.

“कोनत्या थरावर?”

“फोटो खालच्या थरावर अन् नाव वरच्या. एक पलटवला तं दुसरा पलटत नाई.”

हेमसिंगने नानाजींकडे पाहिलं, नानाजींनी पडद्याच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे एकच थर होता आणि त्याला वायरी होत्या. शहबाज धावत आला आणि त्याने आपल्या फोनमधला नोंदीचा मूळ फोटो दाखवला. त्यात बांड्याचा काळा कान डावाच होता. सरांना हायसं वाटलं, पण हेमसिंग काही कच्चा नव्हता.

“आत्ताच सर म्हनले का एका बटनात फोटो पलटते,” तो म्हणाला. “मंग हा सरळ हाय अन् थो उलटा, हे कायावरून? हाच तुमी आता पलटवला असन. अन् जवाई सासऱ्याची बाजू घेईनच ना.”

जी कला शिकायला सरांनी एवढे दिवस घातले, दूध नासवलं, पाहुणे उपाशी घालवले, तिनेच त्यांचा शब्द खोटा पाडला होता. भर माळावर सरांना रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात रुख्मिणीबाई पदर खोचून मंचावर आल्या. “शहबाज, थे टायटल लाव अन् बाबावर थांबव.”

शहबाजने लावलं आणि थांबवलं. भल्यामोठ्या पडद्यावर आगीच्या पुढ्यात पुंजाजी कासरा धरून स्थिर झाले. रुख्मिणीबाईंनी खालून खऱ्या वडिलांना हाताला धरून वर आणलं आणि पडद्याशेजारी उभं केलं. अंगात तोच नवा सदरा होता.

“नानाजी काका, ह्या सदऱ्याचा खिसा कोनत्या बाजूले हाय?”

“डाव्या.”

“अन् पडद्यावर?”

नानाजींनी पाहिलं. हेमसिंगने पाहिलं. सगळ्या माळाने पाहिलं. पडद्यावरच्या पुंजाजींचा खिसा, तंबाखूच्या डबीने फुगलेला, उजव्या बाजूला होता.

“हा सदरा आमच्या सुलतानबीनं शिवला,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “एकच शिवला. तिनं कोनाचा खिसा आजलोक उजवीकडं लावला नाई.”

हेमसिंग पुंजाजींच्या जवळ गेला. त्याने एकदा खिसा पाहिला, एकदा पडदा पाहिला, पुन्हा खिसा पाहिला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. “म्हंजे बैल बदलला असन तं,” तो माइककडे वळून म्हणाला, “म्हातारा बी बदलला म्हना लागते!”

सगळा माळ हसला. हेमसिंगने टेबलावरची झूल स्वतःच्या हाताने उचलली, खाली उतरला आणि बांड्याच्या पाठीवर टाकली. “घ्या पाटील,” तो म्हणाला. “पुढच्या साली नेतो वापस.” सर मात्र माइक हातात तसाच धरून उभे होते. चुकीचं टायटल इथेच दुरुस्त करून दाखवतो, थोडा वेळ रेंडरला द्या, असं ते सांगत होते, पण शहबाजने माइकचा आवाज बंद केला होता.

दिवस कलला तेव्हा गोठ्यासमोर पुंजाजी बांड्याच्या पाठीवरची झूल नीट करत होते. सर जवळ गेले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यातलं थोडंच तोंडातून निघालं.

“मामाजी, चुकलं माहं. म्या पाहाले पाहिजे होतं.”

“तुमी एकटेच काहून चुकाल?” पुंजाजी म्हणाले. “मी बी तं होतो इथं. बांड्या समोर उभा, फोटो समोर ठेवेल. कितीक डाव लावाले लावलं म्या तुमाले. मले कान दिसाले पाहिजे होता का नाई?”

“मंग कसा नाई दिसला?”

पुंजाजींनी डबी काढली, पण उघडली नाही. “बैल पाह्यलाच नाई म्या,” ते म्हणाले. “फोटोवाले मले नेहमी भलताच कोनी तरी करून टाकतेत. थो आधार कार्डावरचा मानूस कोन हाय, मले मालूम नाई. भांग भलतीकडं, नाक भलतीकडं. म्या म्हनलं, फोटोत आपन असेच येतो. अन् तुमच्या त्या आगीत पहिल्यांदा मी निंगालो. रोज दाढी करताना आरशात रायतो ना, थोच. म्हून पाहत बसलो.”

“मामाजी, पन थे उलटं हाय.”

“तुमच्याकून उलटं असन. माह्याकून सरळ हाय.”

सरांना एकदम फार बरं वाटलं, आणि प्रमाण भाषेतलं एकही वाक्य आठवेना.

“थो फोटो मोठा करून द्या मले,” पुंजाजी म्हणाले. “पोळ्याले ओसरीत लावू. आग बी राहू द्या. मी जसा हावो तसाच राहू द्या. पन बांड्याचा कान तेवढा डावीकडं घ्या. नाई तं हेमसिंग पोळ्याले येईन अन् झूल मांगन.”

सरांनी क्षणभर विचार केला. म्हातारा उलटा आणि बैल सुलटा, एकाच फोटोत. मग त्यांचा चेहरा उजळला. “जमते, मामाजी. तुमी एका थरावर अन् बांड्या दुसऱ्या थरावर.”

“कोनत्याबी थरावर ठेवा.”

“अन् खिसा?” सरांनी विचारलं.

पुंजाजींनी मान खाली घालून आपल्या खिशाकडे पाहिलं, डबी त्यात परत टाकली आणि बांड्याला दावणीकडे वळवलं.

“खिसा राहू द्या तसाच,” ते म्हणाले. “थो कोन पाहते?”